मागचा एक्सेल

आमगावच्या चढावर, मागं अकरा सिलिंडर,
कट्ट—
एवढाच आवाज. जणू कुणी आत बसून सुपारी फोडली.
इंजिन गुरगुरतच राहिलं
आणि जीप उलटी घसरू लागली.
मी ब्रेकवर उभी राहिले, दोन्ही पायांनी.
सोमण्णानं उडी टाकून चाकाखाली दगड लावला.
मग थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पुढचा गिअर टाकला.
आबांची जीप, माझ्याहून दोन वर्षांनी लहान,
पुढच्या दोन चाकांवर स्वतःला ओढत
खानापूरला आली.
जांबोटीपर्यंत मागच्या कुणी हॉर्नसुद्धा दिला नाही.

दस्तगीरचं गॅरेज म्हणजे एक फणस आणि चार पत्रे.
तो वाकला, चाक हलवून बघितलं,
"तुटलंय की वो अक्का. आतनं."

हब निघेना.
पुलर लावला, पान्याला पाईप घातला,
पाईपला बस्या लोंबकळला.
"निधान, निधान," दस्तगीर म्हणायचा
आणि स्वतःच घण घालायचा.
तीनच्या सुमाराला सुटला, बार काढल्यासारखा.
समोरच्या हॉटेलातला माणूस
बशी ओठाला लावून तसाच थांबला.

बाहेरचा तुकडा सहज आला.
आतला दाते धरून बसलेला, काळ्या तेलात.
उरुसात जळालेल्या स्पीकरचं लोहचुंबक
बस्यानं सळईला बांधलं
आणि आडात पडलेल्या घागरीला गळ टाकतात
तसा बसला, जीभ बाहेर काढून.
तीनदा सुटला. चौथ्यांदा
बस्याच ओरडला, तुकडा गुपचूप आला.

पेट्रोलनं धुऊन दस्तगीरनं तुटल्या तोंडावर बोट ठेवलं.
"हे काळं दिसतंय न्हवं, हे आधीच तुटलेलं.
लई वर्षं झाली. हे चमकतंय
तेवढंच काल."
चमकत होतं ते चिंचोक्याएवढं.
बाकी सगळं काळं,
शिंपल्यावर असतात तशा रेघारेघांचं.

"म्हणजे कधीपासून?"
"गोत्तिल्ल, अक्का."

मलप्रभेच्या वाळूत रुतलेला ट्रक
आबांनी पैजेवर ओढून काढला होता, तेव्हा?
सुमनच्या लग्नात बँडवाल्यांसकट चौदा माणसं, तेव्हा?
की त्या रात्री, बेळगावच्या दवाखान्याकडं,
मी पहिल्यांदाच चालवत होते,
तिसरा गिअर सापडत नव्हता,
खड्डा म्हणून चुकवला नाही एकही,
आणि मागच्या बाकावरनं आबा म्हणाले,
"मागं कायतरी वाजतंय गं."
मला वाटलं, तापात बोलतायत.

दुसरा एक्सेल साडेपाचच्या बसनं आला,
कंडक्टरच्या सीटखाली, गोणपाटात.
नवा म्हणजे जुनाच,
कोल्हापूरकडं लिलावात गेलेल्या कुठल्याशा जीपचा.
दस्तगीरनं दाते कन्नडात मोजले,
मी मराठीत. माझे वीस आले.
त्यानं माझ्याकडं बघितलं. परत मोजले.
हत्तोंबत्तु. एकोणीस.

कागदाएवढ्या पातळ चकत्या
घालून काढल्या, काढून घातल्या,
एक्सेल आतबाहेर ढकलून बघितला.
"जरा खेळ पायजे," म्हणाला,
"अगदीच आवळलं तर बेअरिंग जळतंय."
सील नवं. तेल नवं, मधासारखं जाड, वास मात्र कुजक्या अंड्याचा.
साडेचार हजार झाले, बस्याचे शंभर वेगळे.
तुटके तुकडे ठेवून घेऊ का, त्यानं विचारलं.
एक ठेव म्हटलं. रेघांचा मला दे.

दुसऱ्या दिवशी तेच अकरा सिलिंडर.
चढ यायच्या आधीच सोमण्णानं
रस्त्याकडेचा एक दगड उचलून
मांडीवर घेतला होता.
मी काही म्हटलं नाही.
पहिला गिअर, दुसरा नाहीच.
वळणावर तो म्हणाला, "मागं वाजतंय."

सिलिंडर होते.
बहुतेक सिलिंडरच होते.